आधी देश बघ, मग दुकान

सांगली

चि. बाळास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोनवर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, कारण फोनवर तू बोलत सुटतोस आणि मी नुसता 'बरं, बरं' म्हणतो. कागदावर तरी मला मधेच कोणी तोडणार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. मार्केट यार्डात हळद येऊ लागलीय, गल्लीपर्यंत वास येतो. परवा साताऱ्याला जाऊन आलो. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, पण जिना चढताना अजून कठडा धरते. येताना तिने कंदी पेढे दिले आणि दारात उभं राहून हळूच सांगितलं, की तू प्लॉट गहाण टाकायचं म्हणतोयस. ही गोष्ट तुझ्या मेसेजात नव्हती, लेका. मी रागावलेलो नाही. पण काळजी लागली, म्हणून हे पत्र.

जर्मनीत कोल्हापुरी चपलांचं आणि चामडी पिशव्यांचं दुकान काढावं हा विचार वाईट नाही. तुझ्या आजीने हट्टाने सगळ्या नातवंडांना शाळेत घातलं. माझ्या पोरांच्या हाती चामडं कापायची रापी नको, म्हणायची. आता तूच इंजिनिअर होऊन पुन्हा चामड्याकडे वळतोयस. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही, उलट बरंच वाटतं. मला भीती धंद्याची नाही. देश न बघता धंदा करण्याची आहे.

तू म्हणशील, मामा, चार वर्षं इथे राहतोय, देश बघितला नाही कसा? बाळा, राहणं वेगळं आणि विकणं वेगळं. विट्या-खानापूरकडची, माण-खटावची गलाईवाली माणसं तुला माहीत आहेत. सोनं-चांदी गाळायला ती केरळपासून बंगालपर्यंत गेली. त्यांचा पोरगा परमुलखात जाऊन पहिल्याच दिवशी पाटी लावत नसे. आधी गाववाल्याच्या भट्टीवर राबायचा, तिथली भाषा उचलायचा, कोणता सराफ रोख देतो आणि कोण झुलवतो हे बघायचा. मग कुठे स्वतःची भट्टी. शिक्षण फारसं नव्हतं त्यांचं, पण मुलूख वाचता यायचा.

तू प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचं उदाहरण दिलंस. तेही नीट बघ. २०२५च्या जूनमध्ये मिलानला त्यांनी आपल्या घाटाची पायताणं रॅम्पवर आणली, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. ओरडा झाला, मग मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, एका जोडाला सुमारे ८०० युरो, अशा बातम्या आल्या. ते ८०० तुझ्या डोक्यात बसलेत. पण ती किंमत नावाची आहे. आपल्याला ते नाव नाही, आपल्याला फक्त काम आहे. तू हिशेब असा मांड: गिऱ्हाइकाने ११९ युरो दिले, तर १९ तिथल्या सरकारच्या कराचे. राहिले १००, त्यातले निम्मे दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवला तर सहज त्या दुकानदाराचे. उरलेल्यातून जकात, बोटीचं भाडं, परत आलेला माल आणि तुझं पोट. सगळ्यात शेवटी शिवणाऱ्याची मजुरी. हिशेब चुकला की कात्री नेमकी त्या शेवटच्या आकड्याला लागते.

हेच मला पुन्हा पुन्हा सांगायचंय. आठव, २०१० साली तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांची काय गत झाली. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, वेलीची फाजील वाढ रोखायला मारतात ते. आपल्याकडे बाकी औषधांची तपासणी होत होती, याची होत नव्हती. माल तिकडे अडला आणि फटका थेट बागेपर्यंत आला. द्राक्षं गोड होती, दिसायला देखणी होती. फक्त त्या देशात कोणती गोष्ट चालत नाही, हे आधी कुणी पुरतं विचारलं नव्हतं.

आपल्या चामड्यालाही असाच चाप आहे. कातडीला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम सहाचं प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, हा युरोपचा नियम २०१५ पासून आहे. काही अझो रंगांनाही बंदी आहे. तू म्हणशील, आपलं चामडं तर बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, त्यात क्रोम कुठलं? तळाचं खरं आहे. पण वेणीला लाल-हिरवी पट्टी लागते, ती बाजारातून येते. आतलं अस्तर, गोंड्याचा रंग, चिकटवायचं सोल्युशन, पिशवीचं बक्कल, हे सगळं कुठून येतं? एका जोडाचे सुटे भाग टेबलावर मांड आणि प्रत्येकाला विचार, तू कुठला? चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, १९४८ पासूनची. नमुना तिथे किंवा तिकडच्या प्रयोगशाळेत तपासून घे. तो खर्च वाचवायचा नाही.

आता पायांकडे ये. नवी कोल्हापुरी चावते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला तेल चोळून ठेवायचं, चार दिवस घरात घालायची, मग ती पायाची होते. जर्मन बाईला हे कोण सांगणार? तिकडे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत, कारण न देता परत करता येते. चप्पल पायाला रुळायच्या आधीच ती खोक्यात घालून परत पाठवेल, आणि तेल लागलेला जोड तू पुन्हा कुणाला विकणार? मापाचंही तेच. त्यांच्या नंबरात एका अंकाचा फरक पाऊण सेंटिमीटरहूनही कमी. आपण पायाखाली कागद ठेवून पेन्सिल फिरवणारी माणसं. पन्नास लोकांच्या पावलांची लांबी-रुंदी घेऊन पाठव, मग मी साचे ठरवतो.

आणि पाऊस. आपण मृग लागला की कोल्हापुरी गुंडाळून माळ्यावर टाकतो. तिकडे पावसाला मृगही नाही नि हस्तही नाही, बाराही महिने भुरभुर. २०१९च्या पुरात इथल्या पेठेतल्या दुकानांतला चामड्याचा माल मी पाहिला होता. तळाचे थर सुटून फुगले होते, आणि दोन दिवसांत पांढरी बुरशी. बंद कंटेनरात दमट राहिलेला माल तसाच होतो. तू म्हणशील, मग तळाला रबर लावू. लाव, पण आधी जकातीचा कागद बघ. जगभरच्या जकातीच्या यादीत ६४०३.२० असा एक स्वतंत्र रकाना आहे: तळ चामड्याचा, वर पावलावरून आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे. जणू आपल्या पायताणाचंच वर्णन. तळ रबराचा झाला की रकाना बदलला, आणि रकान्याबरोबर शुल्कही बदलू शकतं. 'कोल्हापुरी' म्हणून विकता येईल का, हा प्रश्न वेगळाच.

त्या नावाचीही काळजी घे. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते आठ जिल्ह्यांना: आपले सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे आपल्या सांगलीत शिवलेला जोडही हक्काने कोल्हापुरी आहे. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ते चिन्ह खोक्यावर छापायचं नाही. शिवाय इथली नोंद इथपुरती. परदेशात त्या नावाला आपोआप कायद्याचं कवच मिळत नाही.

जर्मनीशिवाय दुसरा देश बघितलाच नाहीस, हे मला खटकलं. एका कागदावर तीन-चार देश शेजारी शेजारी मांडून बघ. जपानी माणसाला अंगठ्यात पट्टा नवा नाही. त्यांच्याकडे झोरी आहे, अंगठा वेगळा असलेले ताबी मोजे आहेत, थंडीतही घालता येतील. पण चामडी पादत्राणांच्या आयातीला तिथे कोटा, आणि त्यापलीकडे जबर शुल्क. पाय अनुकूल, कायदा प्रतिकूल. दुबईत पाऊस क्वचित, आपली माणसं भरपूर, आणि मे २०२२ पासून भारत-अमिराती व्यापार करार लागू आहे. पण भाडं तुला झेपेल का? अमेरिकेत गिऱ्हाईक मोठं, तर २०२५च्या ऑगस्टात बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क एकदम ५० टक्क्यांवर गेलं. ज्यांचे सौदे आधीच ठरले होते त्यांनी काय करायचं? सगळ्या बाजूंनी चांगला असा देश मिळणार नाही. कुठली अडचण आपल्याला पेलेल, तेवढं ठरवायचं.

हा ताळा मांडूनही जर्मनीच ठरली, तर तुझं पहिलं काम स्वतःच्या कागदांचं. तुझा व्हिसा नोकरीचा आहे. जोडधंदा करायला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी लागते का, हे लेखी विचार. नोकरी गेली, व्हिसा अडकला, तर चपला कोण विकणार? मग धंद्याची नोंदणी, पॅकिंगच्या कचऱ्यासाठीची 'लुसिड'ची नोंद, आणि मालावर युरोपातल्या जबाबदार माणसाचं नाव-पत्ता. डिसेंबर २०२४ पासून हा नियम आणखी कडक झालाय. तो जबाबदार माणूस म्हणजे तूच असशील, ध्यानात ठेव. इकडून निर्यातीचा आयईसी क्रमांक आणि चर्म निर्यात परिषदेची नोंद मी बघतो.

दुसरं काम चालण्याचं. फ्रँकफर्टला लागूनच ओफेनबाख आहे, चामड्याच्या कामाचं जुनं गाव. तिथलं चर्म संग्रहालय १९१७चं, आणि चामडी वस्तूंचं व्यापारी प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं. विकायला जाऊ नकोस, नुसता फिर. शिवण उलटी करून बघ, किंमत लिहून घे, घेणारा कोणता प्रश्न आधी विचारतो ते ऐक. मला वाटतं, तिथे तुझ्या चपलेपेक्षा पिशवीला लवकर जागा मिळेल. पिशवीला नंबर नसतो आणि ती चावतही नाही.

तिसरं काम पंचांगाचं. तिकडचा दुकानदार उन्हाळ्याचा माल निम्मं वर्ष आधी ठरवतो. म्हणजे जोड फेब्रुवारी-मार्चला पोचायला हवेत. आपल्याकडे पावसाळ्यात चामडं वाळत नाही, खरं काम दसऱ्यापासून पुढे. हे दोन्ही जुळतं, ही देवाची कृपा. पण २०२३च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या गडबडीमुळे कित्येक बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तेवढे जादा दिवस हाताशी धर. मेमध्ये उठून 'मामा, दोनशे जोड पाठव' म्हणालास तर मी काही करू शकणार नाही.

आता मुद्द्याचं. दोनशे जोड म्हणजे इथे काही घरांचा हंगाम. चामडं ते उधारीवर आणतील, कारण मी सांगितलं म्हणून. माल परत आला तर तुला पगार आहे. प्लॉट गेला तरी तुझी आई तुला एक शब्द बोलणार नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. पण ती घरं कुणाकडे बघणार? म्हणून पहिली खेप लहान, पैसे तुझ्या बचतीतले, आणि कारागिराची मजुरी माल निघायच्या आधी चुकती. हे तीन मान्य असेल तर मी तुझ्या पाठीशी आहे. नसेल तर मामा म्हणून आशीर्वाद आहेतच, पण चामड्याला हात लावणार नाही.

दिवाळीपर्यंत मला एवढं लिहून पाठव: परवानगीचं लेखी उत्तर, पन्नास पावलांची मापं, प्रयोगशाळेचा कागद आणि देशांचा तो ताळा. घाईघाईने इंटरनेटवरून उतरवून पाठवलंस तर मला कळेल. तोवर प्लॉटच्या कागदांना हात लावायचा नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. थंडीत कानाला बांधत जा.

तुझा,
मामा

ता. क. आईला दर रविवारी फोन कर. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात असं तूच सांगितलंस, तेव्हा कामात होतो ही सबब चालणार नाही.