आपण पलीकडे जाऊ या



वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला जाणारी रो-रो फेरी 20 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाली. आपल्यापैकी पुष्कळांनी तिचा प्रवास केला असेल. इकडे आपले अर्नाळा, कळंब, रानगाव, भुईगाव. तिकडे उत्तन, गोराई. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे रिसॉर्ट, दोन्हीकडे आपलीच माणसे. पण मध्ये खाडी! गाडीने जायचे तर हायवेला लागायचे, घोडबंदरचा पूल ओलांडायचा आणि काशिमिऱ्याहून वळसा घ्यायचा. हे अंतर 34-35 किलोमीटर भरते. तेच पाण्यावरून जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे.

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, मी स्कूटर घेऊन या फेरीत चढलो. सुट्टीची गर्दी होती. मुलांच्या हातात प्लास्टिकची फावडी, बायकांच्या हातात डबे, कुणाच्या गाडीच्या टपावर चटई बांधलेली. फेरीवरचा मुलगा हाताने इशारे करीत एकेक गाडी जागेवर लावत होता. “इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा,” असे तो प्रत्येकाला सांगत होता.

तेवढ्यात हाक आली, “फादर!” आपल्याच धर्मग्रामातील एक कुटुंब होते. त्यांच्या परवानगीने पुढचे लिहितो.

मी सहज विचारले, “काय, गोराईला पोहायला?” मुले हसली, पण वडील हसले नाहीत. मला थोडे बाजूला घेऊन म्हणाले, “नाही फादर, उत्तनला. बहिणीकडे. सात वर्षांनी चाललोय.”

आईच्या मृत्यूनंतर घराच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला होता. तेव्हापासून ना नाताळचा फराळ, ना बारशाचे आमंत्रण. ते म्हणाले, “कोणी विचारलं की मी सांगायचो, लांब पडतं हो, हायवेला ट्रॅफिक असतो. आता फेरी सुरू झाली. बायको म्हणाली, आता काय सांगाल?”

बंधू-भगिनींनो, त्या माउलीचा प्रश्न मी घरी घेऊन आलो. अंतर खरोखर रस्त्याचे होते का?

संत मार्कच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आठवा. दिवसभर लोकांना शिकवून प्रभू येशू थकला होता. संध्याकाळ झाली होती. अशा वेळी तो शिष्यांना म्हणतो, चला, पलीकडे जाऊ. वाटेत वादळ होते, नावेत पाणी भरते, शिष्य घाबरतात आणि प्रभू उशीवर डोके टेकून झोपलेला असतो. तो उठतो, वाऱ्याला दटावतो आणि सरोवर शांत होते. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. पण पाचवा अध्याय उघडून पाहा. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याची गाठ पडते ती थडग्यांमध्ये राहणाऱ्या एका माणसाशी. लोकांनी त्याला साखळ्यांनी बांधून पाहिले होते आणि शेवटी सोडून दिले होते. प्रभू त्याला बरे करतो. मग तिथले लोक येशूला निघून जाण्याची विनंती करतात आणि तो नावेत बसून परत अलीकडे येतो. ती रात्र, ते वादळ, तो सारा प्रवास ज्याच्या उपयोगी पडला, तो सर्वांनी टाकून दिलेला एक माणूस होता!

आपल्यापैकी प्रत्येकाचा असा एक पलीकडचा किनारा असतो. कुणाचा भाऊ, कुणाची जाऊ, कुणाचा कुंपणापलीकडचा शेजारी. काहींचा किनारा तर एकाच घरात, एकाच भिंतीच्या पलीकडे असतो. तिथे जायला बोट लागत नाही, तरीही वर्षानुवर्षे आपण जात नाही.

फेरीत बसताना आपल्याला आपले इंजिन बंद करावे लागते. कितीही महागडी गाडी असो, पाण्यावर ती स्वतःच्या जोरावर एक वीतही पुढे जात नाही. समेटाचेही तसेच आहे. “मी बरोबर होतो” हे आपले इंजिन चालू असेपर्यंत आपण किनाऱ्यावरच घरघरत राहतो. ते बंद करून प्रभूच्या नावेत बसावे लागते. वादळ येणारच नाही, असे तो सांगत नाही. तो आपल्याबरोबर नावेत असतो.

भाईंदरची जेट्टी आली. पुढची फळी खाली आली. त्या गृहस्थांनी गाडी सुरू केली खरी, पण पुढे काढेनात. मागून हॉर्न वाजू लागले. काच खाली करून ते म्हणाले, “फादर, तिथं जाऊन बोलू काय?”

मी म्हटले, “काही बोलू नका. दारातून नुसती हाक मारा. लहानपणी मारायचात तशी.”

संध्याकाळी परतीच्या फेरीत ते पुन्हा भेटले. गाडीत सुक्या बोंबलांचा वास दरवळत होता. बहिणीने पिशवी भरून दिली होती. ते म्हणाले, “घराचं काही ठरलं नाही, फादर. तो विषयच निघाला नाही. पण येत्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला येतेय.”

वाटणीचा प्रश्न आजही सुटलेला नाही, हे मी मुद्दाम लिहितो. सगळे मिटल्यावर जाऊ, असे म्हणणारा कधीच जात नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले, तेव्हा चूक कोणाची याची चौकशी त्याने केली नव्हती.

या आठवड्यात आपल्या पलीकडच्या किनाऱ्यावरचे एक नाव मनात आणा. त्या व्यक्तीसाठी रोज एक ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणा. शनिवारी प्रायश्चित्त संस्कार घ्या. आणि पुढच्या रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी निदान एक हाक मारा.

हे प्रभू येशू, आमचे इंजिन बंद करण्याचे धैर्य आम्हांला दे, आमच्या नावेत ये आणि आम्हांला पलीकडे ने. आमेन.

आपला,
धर्मगुरू