शत्रूच्या नजरेने रंगवलेलं विमान

टेंभी नाक्यावर, गर्दी थोडी ओसरली की रस्त्याच्या कडेला जरा उभे राहा. श्वास त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या आणि नजर आपोआप कुठे जाते एवढंच बघा. ती आधी भगव्याकडे जाईल, मग फलकांवरच्या लाल-पिवळ्या अक्षरांकडे, मग दुकानांच्या दिव्यांकडे. नवरात्रात दुर्गेश्वरीचा मंडप उभा राहतो तेव्हा तर नजरेला उसंतच मिळत नाही. इथला प्रत्येक रंग तुम्हाला हाक मारतोय. त्या हाका चालू असू द्या आणि मनात अशा एका रंगाला जागा करा, ज्याचं सगळं काम हाक न मारण्याचं आहे.

ठाण्याहून भिवंडी, शहापूर, कसारा घाट ओलांडून नाशिककडे जाणारा आग्रा रोड तुमच्या ओळखीचा असेल. तोच रस्ता नाशिकच्या पुढे ओझरला जातो. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 पासून आहे. सोव्हिएत आराखड्यावरची मिग-21 तिथे तयार झाली आणि पुढे 1980च्या दशकात मिग-27 सुद्धा. मिग-27 म्हणजे खाली उतरून जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करणारं विमान. हवाई दलाने त्याला नाव दिलं ‘बहादूर’. अशी दीडशेहून जास्त विमानं नाशिकच्या मातीत उभी राहिली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा, आणि मला तो आहे.

आता डोळे मिटा. तुमच्यासमोर असं एक विमान उभं आहे आणि ते रंगवायचं काम तुमच्याकडे आलंय. त्याला आग्रा रोडवरच्या मुलखावरून, अगदी खालून उडायचंय. वरून शत्रूचं विमान त्याला शोधतंय. कोणता रंग द्याल?

हिरवा, असं पटकन मनात येईल. श्रावणातला कसारा घाट आठवून बघा, बरोबर वाटेल. मग तोच घाट चैत्रात आठवा: करपलेलं गवत, उघडा काळा कातळ, तांबूस माती. त्यावर तुमचं हिरवं विमान उठून दिसेल. रंग एकदाच द्यायचा आहे आणि जमीन मात्र बदलत राहणार आहे. हा पेच सोडवायची घाई करू नका. थोडा वेळ तसाच मनात राहू द्या.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रंगाऱ्यांपुढे हाच पेच होता. त्यांचं इल्यूशिन इल-2, ज्याला सगळे श्टुर्मोविक म्हणायचे, छत्तीस हजारांवर बनलं. 1941 मध्ये त्याची पाठ हिरव्या-काळ्या पट्ट्यांची आणि पोट फिकट निळं असायचं. 1943 पासून पाठीवर फिकट तपकिरी, हिरवा आणि गडद करडा असे तीन रंग आले. हिवाळ्यात बर्फ पडलं की त्यावर पांढरा हात फिरवत. हा पांढरा मुद्दामच धुऊन काढता येईल असा असे, कारण वसंतात खालची हिरवी पाठ परत हवी असायची. तो खडबडीत बसे, वाऱ्याने झडे आणि खालचा गडद रंग डोकावू लागे. बर्फ वितळणाऱ्या शेतांवरून उडताना ते डागाळलेलं विमान कदाचित नव्या रंगाच्या विमानापेक्षाही नीट मिसळून जात असेल.

पोटाच्या फिकट निळ्याकडे या. बाजारात बांगडा उलटासुलटा करून पाहिलाय ना? पाठ गडद, पोट चंदेरी. वरून बघणाऱ्याला खोल पाणी दिसावं आणि खालून बघणाऱ्याला उजेड. विमानाचंही तसंच आहे. पाठ जमिनीसारखी, पोट आकाशासारखं. एकाच देहावर दोन उत्तरं, कारण बघणारे दोन आहेत.

मिग-27 च्या पंखाजवळ जाऊ या. हे पंख हलतात. उड्डाणाला आणि उतरायला ते पसरलेले असतात आणि वेग घेताना मागे झुकतात. सोळा, पंचेचाळीस आणि बहात्तर, असे त्यांचे तीन ठरलेले अंश. पंख मागे जातो तेव्हा त्याचा आतला भाग धडाच्या फटीत सरकतो. आता धडावरून पंखावर उतरणारा हिरवा पट्टा मनात आणा. पंख पसरलेला असताना तो सलग जुळवला असेल, तर झुकल्यावर तुटणार. झुकलेला असताना जुळवला, तर उतरताना तुटणार. सगळ्या अंशांत सलग राहील अशी नक्षी नाहीच. बोट त्या सांध्यावर ठेवा, मनातच. या एका सांध्यापाशी मी फार वेळ रमलो आहे, कारण रंगाऱ्याला इथे निवड करावीच लागते. कोणत्या क्षणी आपलं विमान सर्वांत जास्त धोक्यात असेल?

हा प्रश्न विचारला की तुम्ही रंगाऱ्याच्या जागेवर उरत नाही. तुम्ही वर गेलेले असता, शत्रूच्या विमानात. त्याच्या डोळ्यांनी आपलं माणूस शोधत असता, ते सापडू नये म्हणून. इथे थांबा. हे विचित्र आहे आणि त्यात माया आहे. ज्या वैमानिकाशी कधी बोलणंही होणार नाही, त्याच्यासाठी जमिनीवरचा एक माणूस मनाने शत्रू होऊन बघतो.

ठाण्या-मुंबईतल्या लोकांनी हे घरोघर केलेलं आहे. 1971 च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, ब्लॅकआउट होता. काचांना काळे-तपकिरी कागद चिकटवले होते, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केला होता. भोंगा वाजला की दिवे बंद. खळ लावून कागद चिकटवणाऱ्या एखाद्या आईने त्या रात्री आपली खिडकी वरून, काळोखातून, कोणा परक्याला दिसेल तशी पाहिली असेल. घरात वडीलधारं कुणी असेल तर त्यांना त्या कागदांबद्दल विचारा.

त्याच युद्धात पश्चिम सीमेवर आपल्या सुखोई-7 विमानांनी जमिनीवर मारा केला. ही विमानं सोव्हिएत संघातून आली ती उघड्या चकचकीत धातूची. घाईघाईत अनेकांवर तुकड्यांतच रंग चढवला गेला, त्यामुळे एका तुकडीचा हिरवा दुसरीच्या हिरव्याशी जुळेलच असं नव्हतं. मला त्या घाईच्या रंगांबद्दल विशेष ओढ वाटते. त्यावर कुणाचा तरी हात दिसतो.

एक अडचण राहतेच. शत्रूला दिसू नये, पण आपल्या तोफखान्याला ओळखू यायला हवं. सोव्हिएत विमानांच्या पंखांवरचे वरचे लाल तारे युद्धात पुसले गेले, पोटाखालचे आणि शेपटीवरचे ठेवले. आपल्या विमानांवर हिरव्या-तपकिरीच्या मधोमध तिरंगी चक्र राहिलं. इतका विचार करून लपवलेल्या देहावर एक ठसठशीत खूण, आपल्या माणसांसाठी.

आणि रंग जिथे हतबल होतो तेही बघा. 1999 च्या मे महिन्यात कारगिलच्या लढाईत मिग-27 उतरली. 27 मे रोजी बटालिक भागात इंजिन बंद पडल्यावर फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना विमान सोडावं लागलं, ते पकडले गेले आणि आठवडाभराने परतले. त्या डोंगरांत खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं होती. ती इंजिनाची ऊब शोधतात, त्यांना हिरवं-तपकिरी काही कळत नाही. रंगाऱ्याने माणसाच्या डोळ्यांचा विचार केला होता.

27 डिसेंबर 2019 रोजी जोधपूरला शेवटची मिग-27 निवृत्त झाली. शेवटच्या काळातली सुधारित विमानं करड्या रंगाची होती. अशी निवृत्त विमानं चौकांत, संग्रहालयांत उभी केलेली असतात आणि लोक समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्हाला एखादी मिग-27 भेटली तर आधी वाका, पोटाचा रंग बघा. मग पंखाच्या सांध्याशी जा आणि पट्टा कोणत्या अंशाला जुळतो ते शोधा.