ठिणगीतील सत्कार्य

कार्य हे आपल्या कारणात आधीपासूनच नांदत असते, असे सांख्य म्हणतात. तर पट हा तंतूंहून वेगळा आणि नव्यानेच उत्पन्न होतो, असा नैयायिकांचा आग्रह आहे. या जुन्या वादाची साक्ष मला एका यंत्राच्या रचनेत मिळाली. १९२४ च्या सुमारास एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याने योजिलेल्या तजविजीप्रमाणे १० धारित्रे समांतर जोडून प्रत्येकी १ लाख व्होल्टपर्यंत सावकाश भारित केली, आणि मग त्यांच्यामधल्या गोलकांच्या फटी ठिणग्यांनी सांधल्या गेल्या, की तीच धारित्रे एका सरीत येऊन जवळजवळ १० लाख व्होल्टांचा स्पंद बाहेर टाकतात. फटी एकमेकींच्या दृष्टिपथात ठेवतात, कारण पहिल्या ठिणगीचे जंबुपार किरण पुढच्या फटींना पेटण्यास सिद्ध करतात. दिव्याने दिवा लावण्याची ही रीत मला फार मोहक वाटते. स्पंद जितका अल्पजीवी हवा, तितक्या जोडण्या आखूड ठेवाव्या लागतात, कारण सेकंदाच्या अब्जांशात प्रकाशही जेमतेम ३० सेंटिमीटर जातो.

मग ते १० लाख व्होल्ट पूर्वी कोठे होते? ऊर्जेचा जमाखर्च पाहिला तर एक कवडीही नवी आलेली नाही, उलट थोडी उष्णतेत खर्ची पडली. चमचाभर पाणी अंशभरही तापवू न शकणारी १ जूल ऊर्जा त्या अब्जांशात १०० कोटी वॅटांचे सामर्थ्य धारण करते, एवढेच. परंतु ती एकसर रचना मात्र ठिणगीपूर्वी नव्हती. म्हणून माझा कौल असा की, ऊर्जेपुरते सांख्य खरे आणि दाबापुरते नैयायिक.