लपण

लपून मारणं हा दगा आहे का, हा प्रश्न जुना आहे. रामाचा बाण लागून पडलेल्या वालीने तोच विचारला होता. वाल्मीकींचा राम त्याला जी उत्तरं देतो त्यातलं एक असं, की माणसं जनावरांना लपून मारतात, फास लावून मारतात, त्यात दोष मानत नाहीत. आणि तू तर वानर. देवळात पोथीत हा भाग आला की आमचे थोरले काका गालातल्या गालात हसायचे. त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती.

ही गोष्ट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची. काळवीट घाटावरच्या माळांचं जनावर, ते आमच्या राजापुरात नाही. इथे भेकर, डुक्कर, ससा. पण सडा तसाच उघडा. नुसता जांभ्याचा कातळ, माचण बांधायला झाड नाही. म्हणून काका पाणवठ्याच्या पूर्वेला कमरेएवढा दगडांचा गडगा रचायचे आणि वर करवंदीच्या फांद्या टाकायचे. पूर्वेलाच का, तर संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा येतो, माणसाचा वास मागे जातो. रात्री उशिरा मतलई सुटली की वास पाण्याकडे जायला लागतो. मग काका मुकाट्याने उठून घरी येत. बहुतेक वेळा हात हलवत.

त्यांचा एकच नेम होता. "डोला दिसल्याबिगर बार टाकायचा नाय. आवाजावर तर नायच नाय."

मी एकदा म्हटलं, "पण काका, त्याला बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही."

"त्याला नाय कलत. माला कलतंय ना?"

मला वाटतं, वालीपेक्षा दशरथाची गोष्ट इथे जवळची आहे. तोही पाण्याशी दबा धरून बसला होता. घागर भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि श्रावण गेला. दशरथ लपला हे त्याचं पाप नव्हे. न बघता बाण सोडला, हे पाप. गडग्यामागे बसणारा तासन् तास बघत असतो. भेकर कान कसे फिरवतं, पाण्याला तोंड लावण्याआधी कितीदा थबकतं. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात कितीतरी जनावरं कोरलेली आहेत. ज्याने ती कोरली तोही असाच बघत बसला असणार.

आता बंदुकीचे बार ऐकू येत नाहीत, आणि शहरातून आलेल्यांना वाटतं शिकार थांबली. फासकी थांबलेली नाही. गाडीच्या क्लचची तार कुंपणाला बांधली की माणूस घरी झोपायला मोकळा. तारेला डोळा नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या कमरेत आवळला जातो आणि रात्रभर ओरडतो. लावणाऱ्याला त्यातलं काही बघावं लागत नाही. हे मला गडग्यामागच्या माणसापेक्षा कितीतरी वाईट वाटतं.

पण शेजारच्या पोराचं भात यंदाही डुकरांनी लोळून सपाट केलं. त्याला म्हटलं, परवानगीचा अर्ज कर. तो म्हणाला, "आबा, कागद येईस्तवर भात डुकराच्या पोटात. मंग मी काय करू?"

याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. तार मात्र त्याला आमच्या बांधाला लावू दिली नाही. त्याने रागाने ती गुंडाळून खांद्यावर टाकली आणि तो वरच्या कुणग्याकडे गेला.