थोमा कुठे होता?

आठवड्याला नव्वद तास काम करावं, या एल अँड टीच्या अध्यक्षांच्या विधानावर विनोद पुष्कळ झाले, बायकोकडे किती वेळ बघत बसणार यावर तर जरा जास्तच. मला राग आला तो आपल्याच लोकांचा. रविवारीही कामाला बोलावता येत नाही याची खंत अध्यक्षांनी बोलून दाखवली आणि इथे चेन्नईत, चर्चच्या व्हॉट्सॲप गटावर, तिचं कौतुक सुरू झालं. ‘काम हीच उपासना’ असं एकाने लिहिलं. खाली आमेनची रांग लागली. सकाळी प्रभुभोजन घेतलेल्या माणसांची.

‘काम हीच उपासना’ म्हणणाऱ्याला मला विचारायचं आहे, पगार थांबला तर ही उपासना किती दिवस चालेल? या उपासनेचा मोबदला महिनाअखेरीला खात्यात जमा होतो. एप्रिलमध्ये बढती मिळाली नाही, तर हा भक्त दुसरं मंदिर शोधतो. ओएमआरवरच्या आयटी कंपनीत रात्री अकराला परदेशी ग्राहकाच्या कॉलवर बसणारा माणूस मिनिटभरही उशीर करत नाही. म्हणजे वेळ काढता येतो. तो कुणासाठी काढायचा, एवढंच त्याने ठरवून टाकलं आहे. वर तो सांगतो की देवाशी माझं मनातल्या मनात बोलणं चालूच असतं. गावी एकट्या राहणाऱ्या आईशीही मनातल्या मनातच बोलता का? मग ती फोनची वाट का बघते?

पौल तंबू शिवून पोट भरायचा, हे या मंडळींना बरोबर आठवतं. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून हाच धंदा करत होता. पण दर शब्बाथाला तो सभास्थानात असायचा, हे त्याच अध्यायात लिहिलं आहे. आणि कामाचा डोंगर म्हणजे काय ते पंडिता रमाबाईंना विचारावं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचं जेवणखाण, आजारपण, शिक्षण सांभाळताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं. एवढं सेवेचं काम हातात असताना शास्त्रासाठी वेगळा वेळ कशाला, असं त्या म्हणाल्या नाहीत.

  

शब्बाथाची आज्ञा बायबलच्या अनुवाद या पुस्तकात पुन्हा येते, तिथे तिचं कारण दिलं आहे: तुम्ही मिसरात दास होता, हे विसरू नका. विसावा एकट्या घरधन्यासाठी नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळ्यांसाठी तो आहे. म्हणून ‘मी माझा रविवार कंपनीला देतो, तुमचं काय जातं?’ हा प्रश्न चुकीचा आहे. तुम्ही रविवारी मेल पाठवलीत की हाताखालच्या पोराला उत्तर द्यावं लागतं. देवाने त्याला दिलेला दिवस तुम्ही परस्पर देऊन टाकलेला असतो.

आपल्याला हा दिवस नुसता सरकारी कॅलेंडराने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी 1884 पासून त्याची मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी ती मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. त्या कामगारांचा रविवार खंडोबाचा वार होता. ज्यांच्या देवाचं नाव वेगळं होतं त्यांनी भांडून मिळवलेला दिवस आपण एका शाबासकीसाठी परत करायला निघालो आहोत.

कुणाला हे सगळं अतिरेकी वाटत असेल, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीच्या आईने 2024 मध्ये तिच्या कंपनीला लिहिलेलं पत्र वाचावं. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आईवडील कोचीहून आले होते. तो रविवार होता. दुपारपर्यंत मुलगी काम करत बसली आणि सगळे समारंभाला उशिरा पोहोचले. त्याच महिन्यात ती गेली.

आणि देवाशी मनातल्या मनात बोलणाऱ्यांनी येशूचा शिष्य थोमा आठवावा. परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट, एल अँड टीच्या मणपाक्कमच्या कार्यालयापासून फार लांब नाही. थोमा तिथे हुतात्मा झाला, अशी आपली परंपरा सांगते. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी हा थोमा बाकीच्या शिष्यांबरोबर नव्हता. कुठे होता, ते योहान सांगत नाही. येशूने त्याला एकट्याला गाठून जखमा दाखवल्या नाहीत. आठ दिवसांनी तो इतरांमध्ये येऊन बसला, तेव्हा दाखवल्या. शिष्य जमले होते त्या खोलीबाहेर राहून मनातल्या मनात त्याला काही दिसलं नव्हतं.

परिचारिका, पोलीस, एमटीसी बसचे चालक यांना रविवार मिळत नाही आणि त्यांना कुणी जाब विचारू नये. त्यांनी मंगळवारी प्रार्थना करावी, देवाला चालतं. पण ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांनी या रविवारी एकालाही कामाचा फोन करू नये. मोबाइल घरी ठेवून चर्चला यावं. आणि उपासना संपल्यावर फाटकाकडे न पळता, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या गुडघ्यांबद्दल विचारावं.