आतड्यातले जिवाणू आणि हृदयविकार

माणसाला न पचलेले अन्न मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळते. त्यावर जगताना ते जी रसायने बनवतात, त्यांतली काही रक्तात मिसळून हृदयापर्यंत पोचतात. हृदयविकाराच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा झाली ती ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड, म्हणजेच टीएमएओ या रसायनाची. अंड्याच्या बलकात कोलीन आणि तांबड्या मांसात कार्निटीन भरपूर असते. जिवाणू त्यांच्यापासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. शिळ्या माशाला वास येतो तो याच वायूचा. यकृतातले एक विकर त्याचे टीएमएओ करते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने 2011 मध्ये या रसायनाचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. 2013 मध्ये त्यांनी अँजिओग्राफीसाठी आलेल्या 4,007 रुग्णांची तीन वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यूही जास्त आढळले. त्याच वर्षीचा कार्निटीनचा प्रयोग याहून बोलका आहे. कार्निटीन दिल्यावर मांसाहारी लोकांच्या रक्तात टीएमएओ वाढले, शाकाहारींमध्ये फारच कमी. प्रतिजैविके देताच मांसाहारींमधली वाढही जवळजवळ थांबली. घास तोच असला तरी परिणाम आतड्यातल्या वस्तीवर ठरतो, आणि ती वस्ती वर्षानुवर्षांच्या जेवणातून घडते.

तरीही सारा दोष टीएमएओच्या माथी मारणे घाईचे ठरेल. समुद्री माशांत ते मुळातच असते. मासे खाल्ल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण मांस-अंड्यांपेक्षा कितीतरी अधिक वाढते, पण नेमाने मासे खाणाऱ्यांत हृदयविकार त्यामुळे वाढलेला दिसत नाही. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी ताटातले बांगडे यासाठी बाजूला सारण्याचे कारण नाही. शिवाय टीएमएओ लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे दुबळी झाली की ते साचते, आणि अशा रुग्णांत हृदयविकार एरवीही अधिक असतो. त्यामुळे ते रोगाचे कारण किती आणि नुसती खूण किती, हा वाद मिटलेला नाही.

तंतुमय अन्नाची बाजू अधिक भक्कम आहे. कडधान्ये, ज्वारी, भाज्या यांतला चोथा आंबवून जिवाणू अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले बनवतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. अस्तर शाबूत असले तर जिवाणूंचे विषारी अंश रक्तात झिरपत नाहीत, आणि धमन्यांना इजा करणारा दाह कमी राहतो. प्राण्यांवरील प्रयोगांत ही मेदाम्ले रक्तदाबावरही परिणाम करताना दिसली आहेत.

जिवाणू औषधांतही हात घालतात. डिगॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध काही रुग्णांना लागू पडत नसे; एगर्थेला लेंटा हा जिवाणू ते पोटातच निकामी करतो. याच जिवाणूच्या ज्या जाती तसे करू शकतात, त्यांच्यातली त्यासाठीची जनुके 2013 मध्ये ओळखली गेली.

या संशोधनाच्या नावावर प्रोबायोटिक गोळ्या खपवल्या जातात. त्यांनी हृदयविकाराचा झटका टळतो, असे एकाही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. त्यांच्या भरवशावर रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची औषधे कोणीही बंद करू नयेत.