सोय आणि सचोटी

दुकानातून वही उचलली तर ती चोरी, हे आमच्या वर्गातला पाचवीचा मुलगाही सांगतो. पण इंटरनेटवरून फुकटात उतरवून घेतलेले गाणे चोरीचे का, असे विचारले की मोठी माणसेही हसतात. गाणे उतरवले तरी मालकाकडे ते राहतेच, मग नुकसान कुणाचे, असा त्यांचा सवाल असतो. नुकसान मेहनतान्याचे होते. लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा, गाणाऱ्याचा हक मारला जातो.

१९९९ मध्ये नॅपस्टर आले आणि गाण्यांची फुकट देवाणघेवाण जगभर पसरली. खटले होऊन २००१ मध्ये ते बंद पडले. लोकांची सवय मात्र सुटली नाही. स्वीडनमध्ये 'पायरेट बे'च्या चालकांना २००९ मध्ये न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्याच देशात २००८ मध्ये स्पॉटिफाय सुरू झाले होते. जाहिराती सोसा किंवा महिन्याची वर्गणी भरा आणि लाखो गाण्यांतून हवे ते ऐका. त्याने चोरी घटली का? युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा हिशेब असा, की या सेवेवर गाणी ४७ वेळा जास्त वाजली, तर फुकटात मिळवलेले एक गाणे कमी होते. मात्र गाण्यांची रीतसर विक्रीही तिच्यामुळे घटत होती, असे त्याच अभ्यासात दिसले.

म्हणजे वर्गणीने चोरी कमी होते, हे मान्य करावे लागेल. सरळ रस्ता खड्ड्यांचा ठेवायचा आणि आडवाटेने जाणाऱ्याला बोल लावायचा, हे बरे नव्हे. पण एवढ्याने माणूस प्रामाणिक झाला काय? पर्यवेक्षक समोर असताना कॉपी न करणे वेगळे आणि तो बाहेर गेल्यावरही न करणे वेगळे. उद्या वर्गणी वाढली किंवा आवडते गाणे यादीतून गेले, तर हात पुन्हा जुन्या वाटेकडे वळेल.

शिवाय वर्गणीचा पैसा कलावंताच्या हाती पोहोचतो का, हाही प्रश्न उरतोच. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. ऐकणाऱ्याने चोरी सोडावी आणि कंपन्यांनी कलावंताचा वाटा बुडवावा, हा कुठला न्याय?

म्हणून आम्ही मुलांना दोन्ही गोष्टी सांगतो. ऐपत नसेल तर जाहिरातींसह फुकट ऐकण्याची रीतसर सोय आहे, ती वापरा. आणि गाणे ऐकताना ते कुणाच्या तरी श्रमाचे आहे, याची जाणीव ठेवा. ही जाणीव वर्गणीबरोबर मिळत नाही. ती घरात आणि शाळेतच द्यावी लागते.